खुर्ची, खोली आणि इमारत: तिन्ही कामं एकाच हाताने करताना

फर्निचर, इंटिरियर आणि वास्तू या तिन्हींत काम करणाऱ्या डिझायनरचं काम बिघडतं ते बहुधा सौंदर्यामुळे नाही, मापामुळे. सुताराच्या कारखान्यात अर्धा मि.मी. चुकला तर सांधा ढिला पडतो. खोलीत बसवलेल्या कपाटाला 2-3 मि.मी. चालून जातात. गवंड्याने बांधलेली भिंत 10-15 मि.मी. इकडेतिकडे असली तरी तिला कोणी नावं ठेवत नाही. आपापल्या जागी तिन्ही हिशेब बरोबर आहेत. गोंधळ होतो तो त्यांच्या शिवेवर, म्हणजे अर्ध्या मि.मी.त बनवलेलं कपाट 15 मि.मी. वाकड्या कोनाड्यात ढकलायची वेळ येते तेव्हा. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगवर आधी एक गोष्ट ठरवायची: इथे कोणतं काम कोणत्या कामाला भिडतंय, आणि त्या ठिकाणचा वाकडेपणा कोणी पोटात घ्यायचा.

सुरुवात बसण्यापासून

इमारतीचा आराखडा आधी आणि फर्निचर शेवटी, हा क्रम सवयीचा आहे. दोन्ही आपणच करणार असू तर उलट क्रमाने एकदा हिशेब करून पाहावा, कारण खिडकीच्या उंचीचं उत्तर खुर्चीत दडलेलं असतं.

जेवणाच्या किंवा कामाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून 430 ते 450 मि.मी. बैठकीपासून टेबलाचा वरचा पृष्ठभाग 270 ते 300 मि.मी. वर, म्हणून टेबल 720 ते 750. मांड्यांना बैठकीच्या वर निदान 170 मि.मी. मोकळे लागतात, म्हणजे टेबलाखालच्या आडव्या पट्टीची खालची कड जमिनीपासून 620 मि.मी.च्या खाली येता कामा नये. इथे हमखास चूक होते: टेबल दणकट दिसावं म्हणून 150 मि.मी. रुंद पट्टी लावतात आणि मग गुडघे आपटतात. हातांच्या खुर्चीचा हात बैठकीपासून 200 ते 230 मि.मी. वर असतो, म्हणजे जमिनीपासून साधारण 650 ते 680. तो टेबलाच्या पट्टीखाली जातो का, हे टेबल आणि खुर्ची वेगवेगळ्या कागदांवर काढली की लक्षातच येत नाही. दोन्ही एकाच छेदचित्रात (उभ्या कापाच्या चित्रात) काढा.

आता तीच रेघ भिंतीपर्यंत न्या. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून 1150 ते 1200 मि.मी.वर असतात. खोल, आरामाच्या खुर्चीत बैठक 360 ते 400 इतकी खाली आणि पाठ कललेली, त्यामुळे डोळे 1000 ते 1100 पर्यंत उतरतात. खिडकीचा आडवा दांडा नेमका या उंचीवर आला तर त्या घरातलं प्रत्येक बसलेलं माणूस आयुष्यभर मान वर-खाली करत बाहेर पाहणार. सोफ्याची पाठ 750 ते 850 असेल तर त्यामागच्या खिडकीची कड 900 ठेवावी. खिडकीखाली 750 चं टेबल यायचं असेल तर कड निदान 800, नाहीतर टेबलावरच्या वस्तू थेट काचेला टेकतात. आणि खिडकी आत उघडणारी असेल तर तिच्या झडपेने ते टेबल रोज झाडून निघेल. खिडकीची कडच बसायला वापरायची असेल तर उंची 450, खोली 450 ते 500, आणि वरच्या मजल्यावर असेल तर पडू नये म्हणून कठडा किंवा न उघडणारी काच. हे निर्णय खिडकीच्या मापाचे वाटतात, पण ठरतात ते फर्निचरवरून.

वास्तुविशारद आल्वार आल्तोने फिनलंडमध्ये पाइमिओचं क्षयरोग्यांचं रुग्णालय बांधलं (1933), तेव्हा त्याने हाच हिशेब निजलेल्या माणसासाठी केला. रुग्ण दिवसभर छताकडे बघत पडणार, म्हणून छताला डोळ्यांना न खुपणारा गडद रंग दिला आणि दिवा रुग्णाच्या नजरेसमोर थेट येणार नाही अशा जागी लावला. वॉशबेसिनचा उतार असा ठेवला की पाणी पडल्याचा आवाज शेजारच्या रुग्णाला होऊ नये. खुर्चीच्या पाठीचा कल श्वास घ्यायला सोपं जावं असा होता. एकाच माणसाने सगळं करण्याचा फायदा असेल तर तो असा.

खुर्ची: सगळ्यात छोटं आणि सगळ्यात अवघड काम

खुर्चीच्या बैठकीची पुढून मागे खोली 400 ते 430 मि.मी., मागे 5 अंशांचा उतार, बैठक आणि पाठ यांच्यातला कोन 95 ते 105 अंश. आरामाच्या खुर्चीत बैठकीचा उतार 10 ते 15 अंशांपर्यंत जातो. खोली 450 च्या पुढे गेली की ठेंगण्या माणसाची पाठ टेकत नाही आणि पुढची कड पोटरीत रुतते. पुढची कड गोल घासायची ती दिसण्यासाठी नाही, रक्तप्रवाह अडू नये म्हणून.

कागदावरून थेट लाकडात जाऊ नका. आधी टाकाऊ प्लायचा एक सांगाडा बनवा, ज्यात बैठकीची उंची आणि पाठीचा कोन बोल्ट ढिले करून बदलता येतो. त्यावर वेगवेगळ्या उंचीच्या चार-पाच जणांना प्रत्येकी 20-30 मिनिटं बसवा. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक खुर्ची बरी वाटते. खरं मत पंधराव्या मिनिटाला, माणूस चुळबुळ करायला लागला की कळतं.

खुर्ची मोडते ती जवळजवळ नेहमी एकाच जागी: बाजूची आडवी पट्टी मागच्या पायाला मिळते तिथे. माणूस मागे रेलतो, पुढचे पाय उचलतो, आणि सगळा पीळ त्या सांध्यावर येतो. तिथे पट्टीची उभी रुंदी 60 ते 70 मि.मी. हवी. रुंदी कमी करून जाडी वाढवण्याचा काही उपयोग नाही, कारण पिळाला विरोध करते ती सांध्याची उंची. कुसवाची, म्हणजे पायाच्या खाचेत शिरणाऱ्या पट्टीच्या टोकाची, जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश. त्याहून जाड केलं तर खाचेच्या भिंती पातळ होऊन पाय फुटतो. कुसू आणि खाच हाताने दाबून बसली पाहिजेत. हातोड्याने ठोकावी लागली तर सरस बाहेर खरवडला जातो, आणि सहज सरकली तर सरसाचा थर जाड होतो. दोन्हींत सांधा कमजोर.

मागच्या पायांना खालच्या बाजूला मागे कल द्या. पाठीच्या वरच्या टोकावरून ओळंबा सोडला तर तो पायाच्या टेकण्याच्या जागेच्या आसपास पडला पाहिजे. पाय सरळ ठेवले की खुर्ची चित्रात नेटकी दिसते, पण रेललेल्या माणसाला घेऊन मागे जाते.

साहित्याचा आग्रह धरायच्या आधी वास्तुविशारद एरो सारिननची ट्यूलिप खुर्ची आठवावी. तिला एकच पाय आहे, आणि सबंध खुर्ची एकाच साहित्यात व्हावी अशी त्याची इच्छा होती. फायबरग्लासचा तो बारीक पाय भार पेलेना, म्हणून पाय ओतीव ॲल्युमिनियमचा करून वर बैठकीशी जुळणारा रंग चढवावा लागला. डोळ्याला एक दिसणारी वस्तू आतून दोन साहित्यांची आहे. यात कमीपणा काही नाही. प्रत्येक साहित्याला जमेल तेच काम द्यावं लागतं.

लाकूड हलतं, आणि हलणारच

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रेषांना आडवं मात्र दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. वर्षवलयांच्या दिशेने होणारी हालचाल त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. कामापुरता आकडा: सागासारख्या शांत लाकडातही, लाकडाच्या आतली आर्द्रता (हवेतली नव्हे) 1 टक्का बदलली की आडव्या रुंदीत सुमारे 0.2 टक्के फरक. म्हणजे 900 मि.मी. रुंद टेबलाचा पृष्ठभाग ऋतू बदलून आर्द्रता 4 टक्क्यांनी हलली तर जवळपास 7 मि.मी.ने कमी-जास्त होतो.

सात मि.मी. अडवण्याची ताकद कोणत्याही स्क्रूत नाही. पृष्ठभाग चौकटीला घट्ट स्क्रूने आवळला तर तो मधोमध फाटतो किंवा चौकटीचे सांधे उघडतात. म्हणून मधली एक ओळ घट्ट, आणि कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं, किंवा चौकटीच्या खाचेत सरकणारी लाकडी बोटं. टोकांना आडवी पट्टी लावायची हौस असेल तर तीही फक्त मध्यभागी चिकटवावी, कडेला सरकू द्यावी.

लाकूड 8 ते 12 टक्के आर्द्रतेचं घ्या आणि काम जिथे राहणार त्या हवेत एक-दोन आठवडे ठेवा. नव्या इमारतीत इथेच घात होतो. ओला गिलावा आणि कोबा महिनोन् महिने पाणी सोडत असतात. कोब्याचा ढोबळ हिशेब दिवसाला 1 मि.मी. जाडी, म्हणजे 50 मि.मी. कोब्याला निदान 50 दिवस. त्याआधी आणलेली लाकडी जमीन आणि दारं ते पाणी पितात, फुगतात, आणि घर वाळल्यावर आकसून फटी पाडतात. सुतार दोषी ठरतो, चूक मात्र वेळापत्रकाची असते.

प्लायवूडला ही भीती कमी, पण त्याची स्वतःची खोड आहे. एकाच बाजूला लॅमिनेट लावलेलं दार काही महिन्यांत धनुष्यासारखं वाकतं. मागच्या बाजूलाही तितक्याच जाडीचं लॅमिनेट लावायचं, आत कोणी बघणार नसलं तरी.

फळी किती लांब?

पुस्तकांनी भरलेल्या फळीवर दर मीटरला 25 ते 35 किलो भार येतो. सारखा पसरलेला भार असेल तर फळीची झोळ, म्हणजे मधोमध खाली वाकणं, लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. 600 ची फळी 900 केली की लांबी दीडपट, झोळ मात्र पाचपट. उलट जाडी दुप्पट केली तर झोळ आठव्या हिश्शावर येते. 18 मि.मी. प्लायसाठी पुस्तकांच्या कपाटात 600 ते 700 च्या पुढे जाऊ नये. कपड्यांसाठी 800-900 चालतं. लांब फळी हवीच असेल तर पुढच्या कडेला 20 जाड आणि 40 उंच लाकडी पट्टी चिकटवून स्क्रू करा. झोळ निम्म्याहून कमी होते, आणि प्लायची कडही झाकली जाते. प्लाय लगेच वाकत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातो, म्हणून आज सरळ दिसतंय यावर विसंबू नका.

सहा फळ्यांचं भिंतभर पुस्तकांचं कपाट, दर मीटरला 30 किलोच्या हिशेबाने, स्वतःच्या वजनासकट धावत्या मीटरला 200 किलोच्या वर जातं, आणि हा सगळा भार 300 मि.मी.च्या पट्ट्यात. घराच्या स्लॅबसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपासचा वापराचा भार धरलेला असतो. कपाट भिंतीला किंवा बीमला लागून असेल तर बहुधा निभावतं. स्लॅबच्या मधोमध खोलीचं पार्टिशन म्हणून ते उभं करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. फर्निचर काढणारा हात इथे वास्तुविशारदाचं डोकं विसरतो.

कोनाड्यातलं कपाट

दोन कामांची शीव सगळ्यात स्पष्ट दिसते ती इथे. आधी खोली मोजायची, आणि ती गिलावा झाल्यावर. ड्रॉइंगवरच्या मापावर कपाट कापायला घेऊ नये.

1. लेझर किंवा ट्यूबलेव्हलने सगळ्या भिंतींवर तयार फरशीपासून 1000 मि.मी. उंचीची रेघ मारा. यापुढे सगळी उभी मापं या रेघेपासून वर आणि खाली. फरशी आणि छत दोन्ही उताराचे असू शकतात, ही रेघ नसते.
2. कोनाड्याची रुंदी खाली, मध्ये, वर, आणि पुढच्या व मागच्या कडेला, अशी सहा ठिकाणी मोजा. खोलीही तशीच.
3. काटकोन तपासा. कोपऱ्यातून एका भिंतीवर 900, दुसऱ्या भिंतीवर 1200. तिरपं अंतर 1500 यायला हवं. मोठ्या खोलीत दोन्ही कर्ण मोजा.
4. स्कर्टिंग, स्विच, पाइप, बीमची खालची कड आणि खिडकीची उघडणारी झडप यांच्या जागा त्याच कागदावर टिपा.

समजा रुंदी खाली 1812, मध्ये 1805, वर 1798 आली. लहानातलं लहान माप धरायचं: 1798. त्यातून दोन्ही बाजूंना 20-20 सोडून सांगाडा 1758 चा. तो ओळंब्यात आणि लेव्हलमध्ये उभा करायचा, भिंत काहीही म्हणो. उरलेल्या 20 ते 27 मि.मी.च्या फटीत 40 रुंद पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे आखून, घासून बसवायची. वाकडेपणा त्या पट्टीने पोटात घेतला. दारांना त्याची खबरही नाही. फट भरण्याऐवजी मुद्दाम 10 मि.मी.ची काळी खाच ठेवण्याचीही पद्धत आहे. ती सुंदर दिसते, पण भिंत 7 मि.मी. तिरपी असेल तर 10 ची खाच एका टोकाला 17 होते आणि वाकडेपणा जाहीर करते. सरळ भिंत असेल तरच हा मोह धरावा.

कर्णांच्या फरकाकडे दुर्लक्ष करू नका. 4000 × 3000 च्या खोलीत दोन कर्णांमध्ये 30 मि.मी. फरक असेल तर 3000 ची भिंत काटकोनापासून जवळजवळ 19 मि.मी. ढळलेली असते. कोपऱ्यातल्या 600 खोल कपाटामागे याची जेमतेम 4 मि.मी.ची पाचर होते, ती पट्टीत जिरते. पण एल आकाराचा ओटा काटकोनात कापून आणला तर दुसऱ्या टोकाला 19 मि.मी.ची फट उघडी पडते, आणि दगडी ओट्याला ती घासून बुजवता येत नाही. म्हणून ओट्यासाठी जागेवरच पातळ प्लायचा फर्मा कापून तोच दगडवाल्याला द्यावा.

आणखी एक, जे ड्रॉइंगमध्ये कधीच दिसत नाही. कपाट आडवं ठेवून जोडतात आणि मग उभं करतात. 2400 उंच आणि 600 खोल कपाटाचा कर्ण 2474 मि.मी. भरतो. छत 2450 वर असेल तर ते 2400 चं कपाट त्या खोलीत बसतं, पण उभंच करता येत नाही. उपाय सोपा आहे: 100 चा पायथा वेगळा बनवायचा आणि सांगाडा 2300 चा ठेवायचा. त्याचा कर्ण 2377. उभा करून पायथ्यावर सरकवायचा. तसाच हिशेब सोफ्याचा आणि दाराचा, जिन्याच्या वळणाचा आणि लिफ्टचा. चौकटीतून 800 मोकळे मिळत असतील तर 900 खोल आणि 850 उंच सोफ्याचे पाय सुटे व्हायलाच हवेत.

आतल्या मापांवर फार रेंगाळण्याची गरज नाही. हँगरसाठी आत 550 मोकळे, म्हणून बाहेरून 600. बॉल बेअरिंगच्या चॅनलला प्रत्येक बाजूला 12.5 ते 13 मि.मी.; यात 1 मि.मी. कमी पडला तर ड्रॉवर अडतो, जास्त झाला तर चॅनल निसटतो. आतल्या बिजागरीच्या वाटीचं भोक 35 मि.मी. 900 उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या, 1600 पर्यंत तीन, 2000 पर्यंत चार, 2400 ला पाच. दारांमध्ये फट 2 ते 3. दार 600 हून रुंद करू नका, ओघळतंच.

खोलीत माणूस फिरतो

फर्निचर रिकामं काढलं की प्लॅन प्रशस्त वाटतो, वापरातलं काढलं की खरा दिसतो. प्रत्येक दार उघडं, प्रत्येक ड्रॉवर बाहेर, प्रत्येक खुर्ची मागे सरकवलेली, अशी एक प्रत काढाच. टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत 750 असेल तर माणूस बसतो. मागून कोणी जायचं असेल तर 1050 ते 1100. जाण्यायेण्याचा रस्ता 900. समोरासमोरच्या ओट्यांमध्ये 1050 ते 1200. याहून जास्त ठेवलं की प्रत्येक कामाला एक पाऊल वाढतं. सोफा आणि बसकं टेबल यांत 400 ते 450. चाकाच्या खुर्चीला वळायला 1500 व्यासाचं वर्तुळ. शंका आली तर जमिनीवर चिकटपट्टीने आखून त्यात चालून पाहा. खोक्यांचा पुठ्ठा उभा करून पलंगाची आणि ओट्याची उंची पाहता येते. अर्ध्या दिवसाचं काम, आणि ग्राहकाला कोणत्याही त्रिमित चित्रापेक्षा जास्त कळतं.

विजेचे पॉइंट फर्निचरच्या आधी भिंतीत जातात, म्हणून फर्निचर त्याआधी ठरलेलं हवं. 1500 च्या पलंगासाठी दोन्ही बाजूंना नेमके कडेला स्विच काढले आणि नंतर पलंग 1800 चा झाला, की दोन्ही स्विच 150 मि.मी. आत, उशीच्या मागे. पलंगाचं माप अजून पक्कं नसेल तर मोठ्या मापाला धरून पॉइंट काढा आणि उंची 650 ते 700 ठेवा, म्हणजे बाजूच्या 500-550 उंच टेबलावर ते उघडे राहतात.

उजेडाचा हिशेब: हव्या त्या लक्सला (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या मापाला) क्षेत्रफळाने गुणायचं आणि दिव्याचा वाया जाणारा प्रकाश व धूळ यांसाठी भागायचं. 12 चौ.मी.ची अभ्यासिका, 300 लक्स, गुणांक 0.6 आणि 0.8 धरले तर 3600 भागिले 0.48, म्हणजे दिव्यांतून एकूण 7500 ल्यूमेन उजेड. हा सगळा उजेड छतातून आणला की टेबलावर स्वतःच्याच डोक्याची सावली पडते. थोडा छतातून, बाकीचा टेबलावरच्या दिव्यातून. जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा पृष्ठभागापासून 700 ते 800 वर, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसतो आणि बल्ब दिसत नाही.

जिना: जिथे फरशीची जाडी विसरली जाते

चढाच्या दुपटीत पायरीची रुंदी मिळवली की बेरीज 600 ते 640 मध्ये यावी. मजल्यापासून मजल्यापर्यंत 3000 असेल तर 18 चढ, प्रत्येकी 166.7, आणि पायरी 280, बेरीज 613. एका सरळ रांगेत 18 चढांना 17 पायऱ्या लागतात, म्हणजे जिन्याची आडवी लांबी 4760. हे बहुतेकांना येतं. चूक होते ती पुढे.

समजा दोन्ही मजल्यांवर कोबा आणि फरशी मिळून 60 मि.मी. येणार आहेत, पण पायऱ्यांवर दगड आणि मसाला मिळून 30 च. काँक्रीटच्या पायऱ्या सगळ्या सारख्या 166.7 च्या ओतल्या तर फरशी झाल्यावर पहिला चढ 136.7 होतो आणि शेवटचा 196.7. मधले सगळे बरोबर. पाय दोन पायऱ्यांत लय पकडतो, म्हणून शेवटच्या पायरीवर अडखळणार हे नक्की. काँक्रीटमध्ये पहिला चढ 196.7, मधले 166.7 आणि शेवटचा 136.7 असा ओतला की तयार जिना सारखा येतो. गवंड्याला हे चुकीचं वाटतं आणि तो भलेपणाने ‘दुरुस्त’ करतो. म्हणून ड्रॉइंगवर दोन वेगळ्या रेघा काढा, काँक्रीटची आणि तयार फरशीची, आणि काँक्रीट ओतायचा फर्मा ठोकल्यावर स्वतः जाऊन मोजा.

जिन्याखाली कपाट करायचं असेल तर ते याच छेदचित्रात काढा. तिरक्या स्लॅबची जाडी आणि गिलावा धरायला विसरतात, आणि आखलेला शेवटचा ड्रॉवर जागेवर मावत नाही.

काय स्थिर, काय हलतं

प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचं: ही इमारतीची, खोलीची की माणसाची? ओटा, कपडे आणि पुस्तकं ठेवण्याची जागा, खिडकीतली बैठक यांना भिंतीशी बांधलेलं बरं. मापं घट्ट बसतात आणि जमीन मोकळी राहते. खुर्च्या, जेवणाचं टेबल, पलंग सुटे ठेवावेत, कारण माणसं आणि सवयी बदलतात. दोन्ही कामं एकाच हातात असली की सगळंच भिंतीत बांधून टाकण्याचा मोह होतो. डिझायनर आयलीन ग्रेच्या, फ्रान्समधल्या रोकब्रून-काप-मार्तँ इथल्या ई-1027 या घरात (1926-29) बरंच काही भिंतीत बांधलेलं आहे, पण पलंगाशेजारचं छोटं टेबल सुटं आहे: एका बाजूने उघडा असलेला नळीचा गोल पाया पलंगाखाली सरकतो आणि पृष्ठभाग वर-खाली करता येतो. बांधलेल्या घरात मोकळीक कुठे ठेवायची, हे ते टेबल दाखवतं.

सगळ्या कामांत एकच आकार फिरवला म्हणजे सुसंगती येते, हाही गैरसमज. वास्तुविशारद आर्ने याकोबसनने कोपनहेगनचं एसएएस रॉयल हॉटेल (1960) काचेचा सरळ ठोकळा म्हणून उभारलं आणि त्यातल्या एग आणि स्वान या खुर्च्या मात्र एकही सरळ रेघ नसलेल्या. सुसंगती बारीक गोष्टींतून आणा: कडांची गोलाई सगळीकडे 3 मि.मी., फटी सगळीकडे सारख्या, धातूची एकच झळाळी. आल्तोने बर्च लाकडाच्या टोकाला उभ्या चिरा पाडून, त्यांत सरस लावलेले पातळ थर घालून, काटकोनात वळवलेला पाय तयार केला. तो एक सांधा एकदा सुटला आणि मग स्टूल, खुर्ची, टेबल सगळ्यांत वापरता आला. असा एखादा सांधा स्वतःचा तयार करण्यात एक वर्ष गेलं तरी चालेल.

ड्रॉइंग आणि हाताबाहेरच्या गोष्टी

इमारत 1:100, खोली 1:50 आणि 1:20, फर्निचर 1:5, सांधे पूर्ण मापात. मधली पायरी गाळू नका: 1:50 वर भिंत आणि कपाट यांची भेट एक जाड रेघ असते, आणि तिच्यात काय दडलंय ते 1:5 काढल्यावरच उघडं होतं. मापं कशापासून आहेत ते प्रत्येक कागदावर लिहा: काँक्रीटपासून, गिलाव्यापासून की तयार पृष्ठभागापासून. प्लायची यादी देताना 2440 × 1220 च्या शीटवर तुकडे स्वतः मांडून पाहा आणि प्रत्येक कापाला करवतीचे 3 मि.मी. सोडा. 1220 मध्ये 610 चे दोन तुकडे निघत नाहीत. 608 चे निघतात. पूर्ण कपाटाची खोली या दोन मि.मी.वर ठरू शकते.

कोणतीही भिंत पाडायची, बीमला भोक पाडायचं किंवा स्लॅब कापायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असल्याशिवाय नाही, कितीही छोटं काम असलं तरी.

काम संपल्यावर एक फेरी ऋतू बदलल्यानंतर ठेवा, निदान सहा महिन्यांनी. बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा, दारांच्या फटी पुन्हा 2-3 वर आणा, टेबलाखालचे लांबट भोकांतले स्क्रू कुठे सरकलेत ते पाहा, खुर्चीचा मागचा सांधा दोन्ही हातांनी पिळून बघा. भिंतीलगतच्या पट्टीत केसाएवढी फट पडली असेल तर ती बुजवायची घाई नको. दुसऱ्या ऋतूत लाकूड परत येतं आणि भरलेली पुट्टी बाहेर ढकलतं. दोन्ही ऋतू पाहून झाल्यावर उरेल तेवढीच फट भरा.